शेवटच्या खांबावरची गिरण

मालन पिलणकरच्या गिरणीतली मोटर जळली, ती तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. सन छत्तीसचं साल. गिरणीपुढे भाताच्या टोपल्या घेऊन बारा-तेरा बायका उभ्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी घरोघर गोडधोड व्हायचं होतं. मोटर नेहमीसारखी कण्हत होती. मग कण्हणं थांबलं, गुरगुर सुरू झाली, आणि जळक्या लाखेचा वास गिरणभर पसरला. मालनने धावत जाऊन खटका ओढला. तिने मोटरच्या पाठीवर हात टेकला आणि चटका बसून तसाच मागे घेतला.

"मेली," ती म्हणाली. बायकांना वाटलं, ती कुणाला शिवी देतेय.

मिरकरवाड्याच्या टोकाला असलेली ही गिरण तिच्या बापाने, भागोजीने, तेलाच्या इंजिनावर सुरू केली होती. मालनला भाऊ नव्हता. चौथीनंतर शाळा सुटली आणि ती या इंजिनापाशीच वाढली. इंजिनाच्या आवाजावरून त्याला तेल हवंय की पट्टा सैल झालाय, हे ती डोळे मिटून सांगायची. लग्न झालं ते बोटीवर नोकरी करणाऱ्या आत्मारामशी. तो वर्षातले दहा महिने समुद्रावर असायचा, त्यामुळे बाप गेल्यावर गिरण तिच्याकडेच आली. गावात वीज आली तेव्हा 'रत्नप्रभा इलेक्ट्रिक कंपनी'चे मॅनेजर केळुसकर स्वतः तिच्या दारात आले होते. धूर नाही, खडखडाट नाही, बटण दाबलं की काम, असं सांगून त्यांनी तिला पाच घोड्यांच्या ताकदीची मोटर घ्यायला लावली. कंपनीची तार डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या पॉवरहाऊसपासून निघायची, क्लब, बंगले, बाजार, सिनेमाचा तंबू असं करत करत खाली उतरायची आणि मालनच्या दाराशी संपायची. तिच्यापुढे खांब नव्हता. पुढे समुद्रच होता.

मोटर जळल्यावर दोन दिवसांनी केळुसकर आले. बरोबर त्यांचा वायरमन रावजी होता. रावजी साठीला आलेला, भागोजीच्या मैत्रीतला, मालनला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेला. केळुसकरांनी मोटर नाकापासून हातभर लांबून पाहिली.

"मालनबाई, तुम्ही तिच्यावर बोजा जास्त टाकलात."

"नरसाळ्याची फट मी कधी हलवली नाय, साहेब. सकाळी जेवढं भात पडतं, तेवढंच संध्याकाळी पडतं. सकाळी मोटर हाताला कोमट लागते. संध्याकाळी हात टेकवत नाय. तुमच्या तारेत संध्याकाळी जोर नसतो."

केळुसकर हसले. "अहो, जोर कमी असला तर मोटर वीजही कमीच खाणार ना? संध्याकाळी तुमचा दिवा मंद होतो. का? दाब कमी, म्हणून वीज कमी खातो. दिवा कधी मंद होऊन जळलाय? कमी खाऊन अजीर्ण झालेलं कुणी पाहिलंय का?"

दारातल्या बायकाही हसल्या. दिव्याबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं, ते मालनने रोज पाहिलं होतं. पण मोटरचं तसं नव्हतं, हेही तिने रोज पाहिलं होतं.

केळुसकरांनी खिशातून कागद काढला. मोटर चालवणारीच्या अज्ञानामुळे जळाली, कंपनीचा दोष नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. त्यावर सही केली तर दुरुस्त मोटरला पुन्हा वीज मिळेल. नाहीतर तार खांबावरूनच सुटेल.

"बाईमाणसाच्या हाती यंत्र दिलं, ही आमची चूक," ते रावजीला म्हणाले, पण मालनला ऐकू जाईल असं.

मालनने कागद सावकाश पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"सोडा तार."

रावजी शिडी लावून खांबावर चढला आणि तार सोडली. खाली उतरताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मोटर बोटीने मुंबईला गेली, नव्या तारा गुंडाळून महिन्याभराने परत आली आणि गिरणीत गोणपाटाखाली पडून राहिली. बायकांनी पुन्हा उखळं बाहेर काढली. गंगुबाई म्हणून एक मासे विकणारी होती, भरल्या अंगाची, तोंडाची फटकळ. दिवसभर बाजारात बसायची आणि रात्री मुसळ हातात घ्यायची. तिने एकदा तळहातावरचे फोड मालनला दाखवले.

"कर गो सही. कागदच तो. माझ्या हातांची सालं निघाली, बघ."

"सही केली तर पुन्हा जळेल, गंगुबाय. पुन्हा मीच गाढव ठरेन."

आत्मारामचं पत्र आलं एडनहून. कंपनीशी भांडू नये, ती मोठी माणसं, सही करून मोकळं व्हावं, असं त्याने लिहिलं होतं. मालनने ते दोनदा वाचलं आणि उत्तर लिहिलं, त्यात म्हशीची खबर होती, सासूच्या गुडघ्याची होती, आणि शेवटी एकच ओळ, 'सही करणार नाही.'

पण नुसत्या हट्टाने भागणार नव्हतं. 'कमी खाऊन अजीर्ण' हे वाक्य तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं होतं. गिरणीच्या भिंतीवर दोन काटे होते, एक विजेचा दाब दाखवणारा आणि दुसरा मोटर किती वीज ओढते ते दाखवणारा. मोटर बसवायला आलेल्या माणसाने एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, एवढंच सांगितलं होतं. मालन आठ महिने ते दोन्ही काटे बघत आली होती. आता ती आठवू लागली. सकाळी दाब चारशे, तेव्हा दुसरा काटा साडेसातावर. दिवेलागणीला दाब उतरून साडेतीनशे, दुसरा काटा साडेआठाच्या पुढे. सात वाजता सिनेमा सुरू झाला की दाब तीनशे दहा आणि दुसरा काटा दहावर. एक खाली गेला की दुसरा वर. हे तिने शंभरदा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ विचारायचं सुचलं नव्हतं.

एक दिवस विहिरीवर पाणी काढताना तिला तो अर्थ लागला. दिव्याला कसलंच काम नेमून दिलेलं नाही. जेवढं मिळेल तेवढं खायचं आणि तेवढंच उजळायचं. मिळालं नाही तर तो मुकाट्याने मंद होतो. मोटरचं तसं नाही. पट्ट्यावर भात भरडायचं ओझं आहे, ते सकाळी तेवढंच, संध्याकाळी तेवढंच. जोर कमी मिळाला तरी काम पुरं करायचंच, म्हणून ती वीज जास्त ओढते आणि ती जास्तीची ओढच तिला आतून जाळते. अर्ध्या भाकरीवर पूर्ण दिवसाची मजुरी करणारं माणूस अजीर्णाने मरत नाही, राबून मरतं.

तिने घागर तिथेच ठेवली आणि घरी येऊन मुंबईला सरकारी विद्युत निरीक्षकाला पत्र लिहिलं. दोन्ही काट्यांचे आकडे लिहिले, वेळा लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, 'मी अडाणी असेन, पण काटे अडाणी नाहीत. तपासावे.'

पौषात निरीक्षक आले. वर्तक त्यांचं नाव. उंच, कोरडे, बोटीच्या प्रवासाने वैतागलेले. बरोबर एका लाकडी पेटीत त्यांची स्वतःची वीज मोजायची मापं होती. त्यांच्या हुकमाने रावजीने आदल्या दिवशीच तार जोडून दिली होती. केळुसकर त्यांना सकाळी दहा वाजता कंपनीच्या मोटारीतून घेऊन आले. गिरणीला कुलूप होतं आणि मालन उंबऱ्यावर बसून कोळंबी सोलत होती.

"दार उघडा. साहेब तपासणीला आलेत," केळुसकर म्हणाले.

"संध्याकाळी साडेसहाला उघडेन."

"काय?"

"सकाळी मोटर बरी असते. तिला संध्याकाळी दुखतं. वैद्य आणायचा तर दुखतं तेव्हा आणावा, साहेब."

केळुसकरांचा चेहरा लाल झाला. "हे सरकारी अधिकारी आहेत! तुमच्या सवडीने येणार?"

मालन उठून उभी राहिली. कोळंबीचे हात तिने मागे धरले, पण मान ताठ ठेवली. ती वर्तकांकडे वळली. "साहेब, मी पत्रात वेळा लिहिल्या होत्या. सकाळची तक्रार माझी नव्हतीच. आता दार उघडलं तर मोटर नीट चालेल, तुम्ही तसं लिहाल आणि जाल. गिरण माझी हाय. तोडायचं तर कुलूप तोडा."

वर्तकांनी घड्याळ काढलं, पाहिलं, पुन्हा खिशात ठेवलं. त्यांना राग आला होता, हे दिसत होतं. पण ते म्हणाले, "पत्रात वेळा लिहिलेल्या आहेत, हे खरं. साडेसहाला येतो."

संध्याकाळी गिरणीपुढे अर्धा मिरकरवाडा जमला. गंगुबाई पहिल्या नंबरावर दोन टोपल्या भात घेऊन उभी होती. वर्तकांनी आपली मापं जोडली. मालनने मोटर सुरू केली, पट्टा चढवला, नरसाळ्याची फट नेहमीच्या खुणेवर आणली. भात पडू लागलं. सात वाजले. सिनेमाच्या तंबूतला भोंगा खालपर्यंत ऐकू आला.

काटा चारशेवरून हलला नाही.

दुसराही साडेसातावर स्थिर. मोटर कशी छान गुणगुणत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. केळुसकरांनी रुमालाने चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "साहेब, मी आपल्याला म्हटलंच होतं."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. आठ महिन्यांचं आपलं पाहणं खोटं होतं का? मालनने वर पाहिलं. आढ्याला टांगलेला दिवा लख्ख पांढरा जळत होता. या घटकेला तो आजवर कधी असा जळला नव्हता. सातनंतर तिला वजनाच्या मापावरचा आकडा वाचायला रॉकेलचा कंदील जवळ घ्यावा लागायचा. तार तीच, खांब तेच, वाटेतले बंगले आणि बाजारही रोजचेच पेटलेले. मग आज एवढा जोर कुठून आला?

तिला बापाची माडाची बाग आठवली. रहाटाचं पाणी पाटाने सोडायचं. शेवटच्या माडापर्यंत ते नीट पोचवायचं असेल, तर पाट मोठा हवा. पाट तोच ठेवून नुसतंच जास्त पाणी सोडलं, तर शेवटच्या माडाला मिळतं खरं, पण पहिल्या माडाचं आळं फुटतं.

"साहेब," ती एकदम म्हणाली, "मोटर चालूच राहू दे. आपण वर जाऊया. पॉवरहाऊसपाशी."

"कशाला?" केळुसकर पुढे झाले. "तपासणी इथली ठरलीय."

"इथं आज पाणी पोचलंय. वर कुणाचं तरी आळं फुटलं असणार, ते बघायला."

वर्तकांनी केळुसकरांकडे पाहिलं. केळुसकर पुन्हा चष्मा पुसत होते. वर्तकांनी पेटी उचलली. "चला."

"मोटारीत जागा नाही," केळुसकर म्हणाले.

मालनने दार उघडलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. भुशाने माखलेलं लुगडं, केसांत कोंडा. "ही काय जागा," ती म्हणाली. आणि गंगुबाईला ओरडून सांगितलं, "भात टाकत राहा गो! फटीला हात लावू नको. काट्यांवर नजर ठेव!"

मोटार सड्यावर चढली तशी दिव्यांची झळाळी वाढत गेली. क्लबात तर डोळे दिपत होते. तिथला नोकर स्टुलावर चढून दिवा बदलत होता आणि खाली टेबलावर काळे पडलेले दोन दिवे पडले होते.

"आज काय झालंय कळत नाही," तो म्हणाला. "तासाभरात तिसरा. ताडकन फुटतात."

वर्तकांनी तिथेच पेटी उघडली, माप लावलं. मोटरला चारशे लागतात तसे दिव्यांना दोनशे तीस हवे, तिथे दोनशे ऐंशीच्या वर. त्यांनी काहीही न बोलता ते वहीत लिहिलं. शेजारच्या बंगल्यातून एक गृहस्थ हातात जळका दिवा घेऊन तावातावाने येत होते, केळुसकरांना पाहताच त्यांनी तिथूनच बोलायला सुरुवात केली. केळुसकरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पॉवरहाऊसमध्ये इंजिनाचा माणूस फळ्यापाशी उभा होता आणि कोपऱ्यात रावजी.

"दाब कोणी वाढवला?" वर्तकांनी विचारलं.

इंजिनवाल्याने केळुसकरांकडे पाहिलं. रावजीने जमिनीकडे.

मालनला वाटलं, आता रावजीकाका बोलेल. त्याने तोंड उघडलंही. पण ते तसंच मिटलं. मालन वर्तकांकडे वळली.

"साहेब, कोणी वाढवला ते राहू दे," ती म्हणाली. "नियमाला असेल तेवढा करा, आणि मग खाली माझ्या गिरणीत चला."

वर्तकांनी स्वतः उभं राहून काटा नियमाच्या खुणेवर आणवला आणि इंजिनवाल्याला बजावलं, "मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही." क्लबातले दिवे डोळ्यांना सोसतील इतके शांत झाले.

ते खाली उतरले तेव्हा गिरणीतून ओळखीचं कण्हणं ऐकू येत होतं. गंगुबाई दारातच उभी होती.

"आत्ताच दिवा निखाऱ्यासारखा तांबडा झाला! आणि ही बया कण्हायला लागली. तुमच्या त्या काट्यांचं तर एक वर, एक खाली."

वर्तक आपल्या मापावर वाकले. तीनशे दहा. दुसरं माप दहावर. ते तिथेच अर्धा तास बसून राहिले. भात तेवढंच पडत होतं. अर्ध्या तासाने त्यांनी मोटरच्या पाठीवर हात टेकला आणि मालनने त्या संध्याकाळी घेतला होता तसाच झटक्यात मागे घेतला.

"बंद करा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "फ्यूज का नाही गेला तेव्हा?"

"सुरू होताना मोटर एकदम खूप ओढते, साहेब. त्यासाठी फ्यूजात तार जाडच घालावी लागते. दहाला ती कशी तुटेल? तुटण्याइतकं जास्त नाय, जळण्याइतकं हाय."

वर्तक प्रथमच हसले. केळुसकरांकडे वळून म्हणाले, "दिवा कमी दाबाला कमी खातो, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. पण मोटरला ठरलेलं काम आहे. साडेसाताच्या जागी दहा ओढले, म्हणजे आतली उष्णता जवळजवळ पावणेदोनपट. तुमची तार या अंतराला फार बारीक आहे."

"तार बदलायची म्हणजे..." केळुसकर चाचरले. "साहेब, सोपा उपाय आहे. यांनी गिरण फक्त सकाळी चालवावी. मी उद्याच तसं लिहून देतो."

"या बायका सकाळी बाजारात असतात," मालन म्हणाली. "संध्याकाळी मोकळ्या होतात. तुमचा सिनेमा सकाळी लावा."

बायका पोट धरून हसल्या, आणि या वेळी हसणं मालनवर नव्हतं. केळुसकरांनी टोपी नीट केली आणि ते मोटारीत जाऊन बसले.

वर्तकांचा लेखी हुकूम आठ दिवसांनी आला. मोटर जळण्याचा दोष कंपनीच्या तारेचा, चालवणारीचा नाही. होळीच्या आत मिरकरवाड्यापर्यंत जाड तार ओढायची आणि तोवर गिरणीची वीज तोडायची नाही. तोवरच्या संध्याकाळी मालनने नरसाळ्याची फट अर्धी केली. ओझं कमी केलं की दुसरा काटा आठाच्या वर जात नसे. भात निम्म्या वेगाने भरडलं जायचं, बायका दुप्पट वेळ थांबायच्या, पण उखळं पुन्हा पडवीत गेली.

फाल्गुनात तांब्याच्या जाड तारेची वेटोळी बैलगाडीतून आली. तार ओढायला रावजीच होता. तो दिवसभर खांबाखांबावर चढत-उतरत गिरणीपर्यंत आला. उन्हाने त्याचा चेहरा काळवंडला होता. मालनने त्याला पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून दिला. तो भिंतीला टेकून बसला, गूळ हातातच राहिला.

"मालन, त्या दिवशी मी बोललो नाय."

"नाय बोललात."

"चिठ्ठी माझ्या हातानंच नेली होती पॉवरहाऊसला. दाब वाढवायची. साहेबांनी दिली. पोराची नोकरी त्यांच्याच शब्दावर लागायची होती." त्याचा आवाज बसला. "तुझा बापूस असता तर थोबाडला असता मला."

राग होता मालनच्या मनात, नव्हता असं नाही. तीन महिने ती एकटीने ताठ उभी राहिली होती आणि त्यात एक हात या माणसाचा लागला असता तर बरं झालं असतं.

"थोबाडला असता," ती म्हणाली. "आणि मग जेवायला बसवला असता. पण रावजीकाका, पुन्हा असं कुणी विचारलं तर तोंड उघडा. माझ्यासाठी नको. तुम्ही स्वतः ओढलेली तार हाय ही."

रावजीने मान डोलावली. तो डोळे पुसत उठला, शिडी खांबाला लावली आणि वर चढला. खाली शिडी धरायला कुणी नव्हतं म्हणून मालनने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. वरून त्याने तार ताणली, पकड आवळली आणि ओरडला, "झालं गो! लाव मोटर!"

"आधी खाली या," मालन म्हणाली. "शिडी सोडता येत नाय मला."